शाळा, वावर अन् मोबाइल: खेड्यातल्या आईबापांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावात समाजमंदिरात रोज संध्याकाळी पोरांचा अभ्यासवर्ग भरतो, नऊ वर्षं झाली. मी काही ट्रेनिंग घेतलेला शिक्षक नाही, ग्रॅज्युएशन झालं आणि गावातच राहिलो, घरी कापूस-तुरीचं वावर आहे. या वर्गामुळे आजूबाजूच्या गावांतले आईबाप व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज टाकतात, बाजाराच्या दिवशी थांबवून विचारतात, आणि प्रश्न फिरूनफिरून तेच येतात, म्हणून एका जागी लिहून ठेवले. प्रश्न शक्यतो लोकांच्या तोंडचेच ठेवलेत. तुमच्या कामाचा एकच वाचला तरी चालेल, जिथं दुसरं उत्तर बघायचं तिथं नंबर दिलाय.

१. जग बदललं, जग बदललं म्हणता, पण आमच्या खेड्यात असं काय बदललं जी?

लांब कुठं बघू नका, वावरातच बघा. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हा सगळ्यांना वाटलं अळीचं टेन्शन गेलं. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं त्याच कापसाची बोंडं पोखरली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसपेक्षा जास्त शेतकरी-मजूर गेले. म्हणजे एक तंत्र आलं, चाललं आणि पंधरा वर्षांत कमजोर पडलं. आजोबाचं ज्ञान बापाला पुरलं, बापाचं मला अर्धंच पुरलं, आणि माझं माझ्या पोराला किती पुरेल देव जाणे.

दुसरं म्हणजे कागदपत्रं. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, पेरा आपला आपण मोबाइलवरून नोंदवायचा. बँकेची केवायसी, गॅसची केवायसी, ओटीपी, हे सगळं घरात कोण करते? आठवी-नववीतलं पोरगं. बदलाचं काम त्याच्या हातात कधीचं येऊन पडलंय, शाळेच्या पेपरात मात्र त्यातलं काही विचारत नाहीत. आज जे शिकवू ते दहा वर्षांत जुनं होणार असेल तर पोराला नवीन गोष्ट स्वतःहून शिकून घ्यायची सवय लागली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे आणि खालची बहुतेक उत्तरं त्याच म्हणण्यावर येऊन थांबतात.

२. मंग पोराले नेमकं काय आलं पाहिजे? कॉम्प्युटर क्लास लावू का?

कॉम्प्युटर क्लास नंतर. आधी वाचलेलं समजलं पाहिजे, हिशोब आला पाहिजे, आणि अडलं तर कुठं शोधायचं, कोणाला विचारायचं हे कळलं पाहिजे. ऐकायला सोपं वाटते, पण २०२३ च्या असर सर्वेत १४ ते १८ वयाची खेड्यातली पोरं तपासली तेव्हा जवळपास पाव हिस्सा पोरांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा आपल्या भाषेत सलग वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एका अंकानं भागायला दिलं तर निम्म्याहून कमी पोरांना जमलं. ही पोरं शाळेत जाऊन आलेली आहेत, काही कॉलेजात आहेत. अशा पोराच्या हातात कॉम्प्युटर दिला तर तो बटणं दाबेल, पुढं काय?

घरी तपासायचं असेल तर मी सांगतो ते करून पाहा. कृषी केंद्राचं बिल आणा आणि पोराला म्हणा हे काय काय आणलं, किती पैसे गेले, सांग. औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण दाखवा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा, हे त्याला माहीत आहे का बघा. (डबा बंद असू द्या, आणि नंतर हात धुवा.) मग विचारा, दहा लिटर पाण्याला चार मिली लिहिलंय आणि आपला पंप पंधरा लिटरचा, तर किती टाकायचं? सहा मिली म्हणाला तर त्याला त्रैराशिक आलं. आणि "झाकणभर टाकतात ना बाबा" म्हणाला तर समजा की वर्गात त्रैराशिक झालं पण घरापर्यंत आलं नाही. २०१७ नंतर हा प्रश्न मी प्रत्येक पोराला विचारतो, कारण तेव्हा आमच्या शेजारच्या गावातला एक ओळखीचा माणूस आठ दिवस दवाखान्यात पडून होता.

३. माह्या पोराले कुठं टाकू, गावच्या झेडपीत का तालुक्याच्या इंग्लिश मिडियमले?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. एकच उत्तर सगळ्यांना लागू होत नाही, पण माझ्या घरात काय झालं ते सांगतो. माझ्या भाच्याला नर्सरीपासून तालुक्याच्या एका इंग्रजी शाळेत टाकलं होतं, रोज अठरा किलोमीटर ऑटोत दाटीवाटीनं जाणं आणि तेवढंच येणं. टाय-बूट बघून घरचे खूश, कविता धडाधड म्हणायचा. चौथीत असताना दिवाळीला आला तेव्हा मी म्हटलं आपल्या बैलावर दोन ओळी लिही, मराठीत लिही नाही तर इंग्रजीत, तुला येईल तसं. त्याला कोणत्याच भाषेत लिहिता आलं नाही. रडला तो, आणि त्याच्या आईचाही चेहरा पडला, कारण कर्ज काढून फी भरली होती. पाचवीला गावच्या शाळेत आणला, गुरुजींनी त्याला रोज मधल्या सुट्टीत जवळ बसवलं, आणि वर्षभरात पोरगं पेपर वाचू लागलं. यात पोराची चूक नव्हती, घरात-अंगणात कोणी बोलत नाही त्या भाषेत त्याला गणित आणि परिसर अभ्यास दोन्ही एकदम शिकायला लावलं होतं.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही हेच आहे, जमेल तिथं निदान पाचवीपर्यंत आणि शक्य असेल तर आठवीपर्यंत घरच्या भाषेत किंवा मातृभाषेत शिकवावं.

सगळ्या इंग्रजी शाळा वाईट आणि सगळ्या झेडपी चांगल्या असं मी म्हणत नाही. जिथं टाकायचं तिथं एकदा जाऊन बसा. तिसरीतल्या कोणत्याही पोराला पुस्तकाबाहेरचं काही वाचायला द्या, पेपरची बातमी चालेल. वर्गात पोरं प्रश्न विचारतात का, का नुसती सुरात ओरडतात, ते ऐका. मास्तर किती वर्षांपासून आहेत विचारा, वर्षात तीन मास्तर बदलले असतील तर बिल्डिंग कितीही चकाचक असो, विचार करा. आणि गावची शाळा ढिली असेल तर शाळा व्यवस्थापन समिती आपलीच असते, कायद्यानं त्यात पाऊण हिस्सा आईबाप असतात, मीटिंगला जा आणि बोला. शिक्षक पटावर, म्हणजे शाळेतल्या पोरांच्या संख्येवर, मिळतात. गावातले दहा घरचे पोरं बाहेर गेले की पट उतरते, मग शिक्षकही कमी होतात, आणि उरलेल्या पोरांचं नुकसान आपणच करतो.

४. पण इंग्रजी कच्चं रायलं तर नोकरी कोण देईल?

इंग्रजी पाहिजेच, त्यात दुमत नाही. इंग्रजी शिकणं वेगळं आणि सगळं इंग्रजीतून शिकणं वेगळं, एवढं लक्षात घ्या. आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी आहे. अडचण अशी की ते फळ्यावरून वहीत उतरते, तोंडात येत नाही. आमच्या वर्गात रोज दहा मिनिटं फक्त बोलायचं असते, चूक झाली तर झाली, कोणी हसायचं नाही हा नियम. बियाण्याच्या थैलीवर, बिस्किटच्या पुड्यावर, बसच्या पाटीवर जे इंग्रजी दिसते ते वाचायचं. सातवीपर्यंत मराठी पक्की झालेली पोरं नंतर इंग्रजी लवकर उचलतात असा माझा अनुभव आहे. सेमी-इंग्रजी घ्यायचं असेल तर गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे मास्तर शाळेत खरंच आहेत का ते आधी बघा.

५. आमी घरी कोलामी बोलतो. पोरगी शाळेत तोंडच उघडत नाई, मास्तर म्हणतात मंद आहे.

ताई, तुमची पोरगी मंद नाही. सहा वर्षांच्या लेकराला तिकडं दिवसभर परक्या भाषेत बसवलं तर कोणतंही लेकरू गप्पच राहील. मेळघाटात कोरकू पोरांचं, गडचिरोलीत गोंडी-माडिया बोलणाऱ्यांचं, आपल्या तांड्यांवर गोरमाटी (बंजारा भाषा) बोलणाऱ्यांचं हेच होते. घरी कोलामी अजिबात बंद करू नका, उलट गोष्टी सांगा, गाणी म्हणा, तिला भरपूर बोलू द्या, कारण एका भाषेत विचार पक्का झाला की दुसरी भाषा त्यावर चढते. गुरुजींना भेटून सांगा की पहिले काही महिने तिनं आपल्या भाषेत उत्तर दिलं तरी चालू द्या, आणि वरच्या वर्गातल्या एखाद्या कोलामी पोरीला तिच्याजवळ बसवा. पानं, पाखरं, जंगलातली फळं यांची नावं तिला मास्तरपेक्षा जास्त माहीत असतील, एक दिवस तिला ती वर्गाला सांगू द्या. "मंद" हा शब्द लेकरासमोर पुन्हा वापरू नका, हेही स्पष्ट सांगा. मानसिक त्रास देणं शिक्षण हक्क कायद्यातही बंद आहे.

६. मोबाइल द्याव का नाई द्याव?

एकट्यानं कोपऱ्यात बसून बघायला देऊ नका. सगळ्यांमध्ये बसून, काम ठरवून द्या. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड असतात, दीक्षा अॅपवर ते स्कॅन केले की त्या धड्याचे व्हिडिओ निघतात, आणि पुस्तकांच्या पीडीएफ बालभारतीच्या साइटवर फुकट आहेत. पुस्तक फाटलं, हरवलं म्हणून अभ्यास थांबायचं कारण राहिलं नाही.

आमच्या घरी रात्री जेवणाच्या वेळेपासून सगळ्यांचे मोबाइल देवळीत, माझाही. आईबाप रील बघत बसले आणि पोराला म्हणाले अभ्यास कर, तर तो कसा करेल? ओटीपी कोणालाच सांगायचा नाही, अनोळखी लिंक उघडायची नाही, हे पोरांना शिकवा आणि पोरांकडून आजीला शिकवून घ्या. आणि घरात एकच मोबाइल असला की तो बहुतेक वेळा पोराच्या हातात असतो, पोरगी भांडे घासत असते. वेळ वाटून द्या, घड्याळ लावून.

७. आता एआय सगळं लिहून देते, मंग पोट्टे अभ्यास कायले करतील?

चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरात आलं आणि आमच्या खेड्यात दोन वर्षांत पोचलं. मागच्या पोळ्याला आठवीच्या एका पोरानं निबंध आणला, भाषा एकदम गुळगुळीत, बैल शेतकऱ्याचा मित्र वगैरे. मी विचारलं तुझ्या लहान भावाच्या तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाचं काय झालं होतं रे? त्या बैलाचं चाक मिरवणुकीत निघालं होतं आणि सगळं गाव हसलं होतं, ते त्या निबंधात एका शब्दानं नव्हतं. मी म्हटलं आता हे लिही. त्यानं अर्धं पान लिहिलं, शुद्धलेखनाच्या चुका भरपूर, पण आम्ही ते तीनदा वाचून घेतलं इतकं मस्त होतं.

एआयला बंदी घालून फायदा नाही. पोरांना आम्ही असं सांगतो की आधी स्वतः लिहा, मग त्याला विचारा यात काय राहिलं. गणित सोडवून मागू नका, पायरी कुठं चुकली ते विचारा. आणि ते ठासून चुकीचंही सांगते, म्हणून तपासायचं. कपाशीवर पानं लाल पडली तर ते दहा कारणं सांगेल, पण तुमचं वावर चोपण आहे का मुरमाड, परवा पाणी साचलं होतं का, हे त्याला माहीत नाही. त्याचं उत्तर घेऊन कृषी विज्ञान केंद्राला फोन करा, डब्याचं लेबल वाचा, आणि ज्या म्हाताऱ्यानं चाळीस वर्षं कपाशी केली त्यालाही विचारा. ज्याला वाचता येत नाही त्याला हे तपासताच येत नाही, म्हणून पुन्हा प्रश्न २.

८. वेचणीच्या टायमाले पोराले घरी ठेवलं तर चालते का? आणि वावरात नेलं तर बालमजुरी होते का?

कायदा आधी. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या लेकराला कुठंच कामाला ठेवता येत नाही. घरच्या कामात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मदत केली तर चालते, पण धोक्याचं काम नाही. फवारणीच्या जवळसुद्धा पोरांना उभं करू नका, रिकामे डबे धुवायलाही लावू नका. शाळा बुडवून वेचणी नाही, मजूर मिळत नाहीत हे मला माहीत आहे, माझाही कापूस झाडावर राहतो, तरी नाही.

पण शिकण्यासाठी वावरात न्या, जरूर न्या! घरचं सोयाबीन बियाणं म्हणून ठेवतो त्याची उगवण तपासणं बघा. २०२० मध्ये राज्यात किती ठिकाणी सोयाबीन उगवलंच नाही, दुबार पेरणी करावी लागली, आठवत असेल. तेव्हापासून दरवर्षी मे महिन्यात आमच्या वर्गातली पोरं हे करतात. प्रत्येकानं घरून शंभर दाणे मोजून आणायचे, हाताळताना जपून, सोयाबीनचं साल नाजूक असते. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी लावायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. चार-पाच दिवसांनी उघडून मोजायचं. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं चांगलं, त्याच्या थोडं खाली असेल तर एकरी बियाणं वाढवायचं, फारच कमी असेल तर पेरायचं नाही. टक्केवारी शिकवायला मला कधी फळा लागला नाही, शंभरातले किती हे गोणपाटावर दिसतेच. पहिल्या वर्षी अकरा घरचं तपासलं, एका काकाचे बावन्नच उगवले. सहावीतल्या त्याच्या पोरीनं वही दाखवली तेव्हा काका आधी चिडले, मग दुसऱ्या थैलीतले शंभर दाणे काढून दिले की हे पण पाहा. त्या दिवसापासून ती पोरगी घरात हिशोबाच्या वेळी बापाजवळ बसते, तिला कोणी उठवत नाही.

पाऊस मोजा, सरळ कडांच्या सपाट बुडाच्या डब्यात पट्टी उभी धरून, रोज सकाळी आठला, आणि तक्ता करा. कापूस विकला की व्यापाऱ्यानं दिलेली वजन-भावाची पट्टी पोराला वाचायला द्या. आठ क्विंटल पस्तीस किलो, भाव सात हजार, किती? अठ्ठावन्न हजार चारशे पन्नास. मग त्यातून वेचाई, गाडीभाडं, बियाणं, खत त्यालाच वजा करू द्या. काय उरते ते पोराला कळू द्या, लपवू नका.

९. काम करता करता शिकणं, हे शहरातल्या लोकांचं नवीन फॅड तर नाई ना?

उलट आहे, हे आपल्याकडून निघालेलं आहे. २२-२३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते, आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनं त्यावर आराखडा केला. हातानं करायच्या उपयोगी कामातून, मातृभाषेत, सात वर्षं शिक्षण, तिलाच नयी तालीम म्हणतात. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम या जोडप्यानं ती चालवली. सूत कातताना गणित, शेतीत विज्ञान, स्वयंपाकघरात आहार. नंतर ती मागं पडली. मला वाटते आईबापांना भीती वाटली की साहेबाच्या पोराला पुस्तक आणि आपल्या पोराला टकळी, ती भीती अगदीच खोटी नव्हती. २००५ पासून सेवाग्रामला आनंद निकेतन शाळा पुन्हा त्या धर्तीवर चालते, वर्ध्याला गेलात तर बाहेरून का होईना बघून या. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, तिथं पोरं वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीज हे करत शिकतात. आणि आता २०२० च्या धोरणात सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना आहेत, त्या दिवसांत सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे शिकायचं. आपल्या शाळेत ते दहा दिवस खरंच होतात का, समितीच्या मीटिंगला विचारा.

१०. दहावीनंतर सायन्सच घ्या लागते का? शेजाऱ्याचं पोरगं नीटची तयारी करून रायलं.

पोराला जीवशास्त्र आवडत असेल, गणित झेपत असेल तर घ्या. शेजाऱ्याकडे बघून लाखाचे क्लास लावू नका, दोन-तीन वर्षं ड्रॉप घेऊन घरी बसलेली आणि कोणाशी बोलत नसलेली पोरं मी बघितली आहेत. आयटीआय हा कमीपणाचा रस्ता नाही. इलेक्ट्रिशियनसारखा दोन वर्षांचा ट्रेड दहावीनंतर करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, आणि वेल्डर, वायरमनसारखे काही ट्रेड आठवी पासवरही आहेत. गावोगावी सौर पंप बसून रायले, बिघडले की दुरुस्तीला माणूस लांबून येते, तोपर्यंत पीक सुकते. तालुक्यात असा एक चांगला मेकॅनिक झाला तर त्याला कामाची ददात पडणार नाही. शेतीची आवड असेल तर प्रश्न १६.

११. पोट्टं नापास झालं, आता?

आधी त्याला जेवायला वाढा आणि रात्री एकटं सोडू नका. बाकी सगळं नंतर होते.

दहावीत दोन विषयांपर्यंत राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर काढायच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश मिळते, आणि जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, वर्ष वाया जात नाही. शाळा मधेच सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते, तारीख मात्र जवळच्या हायस्कुलात आधीच विचारून ठेवा. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे, त्यात राहिलं तर दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा होते, त्यातही राहिलं तर त्याच वर्गात बसते, पण आठवीपर्यंत शाळेतून कोणी काढू शकत नाही. आणि "नापास झाला, आता ढोरं राख" असं म्हणू नका. ढोरं राखणं, शेती करणं ही शिक्षा आहे असं आपणच पोरांच्या मनात भरतो आणि मग म्हणतो पोरांना शेती नको.

१२. पोरगी हुशार हाये, पण बाहेरगावी पाठवाले भीती वाटते.

भीती खरी आहे, तिला उडवून लावत नाही. खर्चाचं म्हणाल तर खेड्यातल्या शाळकरी पोरींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत पोरींसाठी वेगळ्या बस आहेत. २०२४-२५ पासून घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या पोरींना इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी अशा व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे, प्रवेश मात्र सरकारी फेरीतून पाहिजे. भीतीवर आमच्या गावात एक उपाय चालला, तीन-चार घरच्या पोरी एकत्र पाठवल्या, एकच खोली, आणि आईनं पहिला महिना सोबत राहायचं, आळीपाळीनं. लग्नाची घाई करणाऱ्या नातेवाईकांना एकच सांगा, अठराच्या आधी कायद्यानं होत नाही, आणि नंतरही ती म्हणेल तेव्हा.

१३. पैसे नाईत. फुकटात चांगलं शिक्षण कुठं मिळते?

नवोदय ही केंद्र सरकारची निवासी शाळा जिल्ह्यात एक असते, पाचवीत असताना परीक्षा द्यायची, सहावीला प्रवेश, आणि ७५ टक्के जागा ग्रामीण पोरांच्या. आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्तीची परीक्षा, सरकारी-अनुदानित शाळेतली, साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेली पोरं बसू शकतात, लागली तर नववी ते बारावी वर्षाला बारा हजार. खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरांसाठी राखीव असतात. २०२४ मध्ये राज्यानं त्यात सरकारी शाळेजवळच्या खासगी शाळांना सूट दिली होती, ती मुंबई हायकोर्टानं त्याच वर्षी जुलैत रद्द केली. पण फुकट आहे म्हणून डोळे मिटून टाकू नका, प्रश्न ३ वाचा.

१४. आमी जानेवारीत मिरची तोडाले तेलंगणात जातो, पोरं संग असतात. परत आलो का शाळा म्हणते दाखला आणा.

दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. जन्माचा पुरावा नाही म्हणूनही नाही. जायच्या आधी गुरुजींकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या, त्यावर पोराला काय येते ते लिहिलेलं असते, दुसऱ्या गावच्या शाळेत ते दाखवता येते. त्यापेक्षा जमत असेल तर पोरांना आजी-आजोबांजवळ ठेवून जा. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी पुस्तकं सोबत न्या आणि रात्री अर्धा तास मोठ्याकडून लहानाला वाचून घ्या. तिथं तेलुगू कानावर पडते, पोरं लवकर शिकतात, तीही एक कमाईच आहे.

१५. पोरगं तोंडी सगळं सांगते, पण लिहाले बसलं का उलटंपालटं. मार देऊन पाहिला.

मारू नका, माराचा उपयोग नाही आणि शाळेत तर तो कायद्यानं बंद आहे. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, शाळेत तपासणीचं पथक येते तेव्हा मुद्दाम सांगा. ते ठीक असेल आणि तरी अक्षरं उलटी, वाचताना ओळ सुटणं, हे दोन-दोन वर्षं चालू असेल तर शिकण्याची अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ती धरलेली आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ वगैरे सवलती मिळतात, शाळेमार्फत अर्ज करायचा. बुद्धी कमी असण्याचा याच्याशी संबंध नाही. आमच्या वर्गातला असा एक पोरगा पंपाची मोटर उघडून बसवतो, ती बघूनच, आणि आम्ही त्याचे धडे त्याला वाचून ऐकवतो. भाषा वेगळी म्हणून अडत असेल तर ते निराळं, प्रश्न ५ बघा.

१६. पोरगं म्हणते मी शेतीच करतो, शाळा नको. आणि मी स्वतः चौथी शिकलो, मी त्याले काय सांगू?

दोन प्रश्न आहेत, पण बहुतेक एकाच बापाचे असतात म्हणून एकत्र घेतो.

तुम्ही चौथी शिकलात यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत सुटायचे, लोक उत्तर देता देता विचार करायला लागायचे. तुम्हीही तेच करा. पोराला उत्तर देता आलं नाही तरी चालते, विचारा, "तुला हे कसं कळलं? कोणी सांगितलं? खरं कशावरून?" गडचिरोलीतल्या मेंढा-लेखात तर मोठी माणसं अभ्यास गट करून बसली, कायदे समजून घेतले, २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि नंतर स्वतःच्या बांबूची विक्री केली. शिकायला वय आड येत नाही, तुमच्या घरीही तुम्ही आणि पोरगा मिळून दोघांचा अभ्यास गट होऊ शकते.

शेती करतो म्हणते तर नाही म्हणू नका, पण दहावी पूर्ण करू द्या. दहावीनंतर मराठीतून कृषी पदविका आहे, बारावीनंतर अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कॉलेजांमधून पदवी. शाळेसोबतच त्याला या खरिपात दहा गुंठे तोडून द्या, त्याच्या नावानं. काय पेरायचं ते तोच ठरवेल, बियाण्याची उगवण तोच तपासेल, फवारणी मात्र तुम्ही कराल. एक वही द्या, एका पानावर खर्च, दुसऱ्यावर पाऊस, तिसऱ्यावर काय बिघडलं आणि कोणाला विचारलं. मधे मधे सांगायला जाऊ नका, तो विचारेल तेव्हाच सांगा. दिवाळीत माल निघाला की वही घेऊन दोघं ओट्यावर बसा, आणि बेरीज त्याला करू द्या.